खात्यात दिसलेले पैसे आणि खात्यात आलेले पैसे

वाचकाचे पत्र

महोदय, नाशिकमध्ये सिडको भागात माझे शिलाईचे छोटे युनिट आहे. पाच मशिन आहेत आणि चार बायका कामाला येतात. अंबड औद्योगिक वसाहतीत कामगार पुरवणाऱ्या एका ठेकेदाराने आमच्याकडून कामगारांचे गणवेश शिवून घेतले आणि त्यापोटी ५ मार्च तारखेचा १,८४,५०० रुपयांचा धनादेश दिला. मी तो ९ मार्चला दुपारी चारच्या सुमारास आमच्या सहकारी बँकेत भरला. त्याच रात्री एटीएमशेजारच्या यंत्रावर पासबुक भरून घेतले, तर रक्कम जमा झालेली होती आणि शिल्लक २,०५,८४० रुपये होती. त्या भरवशावर दुसऱ्या दिवशी सकाळी मेन रोडवरील कापड व्यापाऱ्यांना ६२,००० रुपयांचा धनादेश दिला. १० तारखेला मशिनच्या कर्जाचा २२,५०० रुपयांचा हप्ता परत गेला. ११ तारखेला बँकेने १,८४,५०० रुपये माझ्या खात्यातून परत काढून घेतले, मी दिलेला धनादेशही परत गेला आणि वर तीन वेळा शुल्क कापले. बँक म्हणते, ठेकेदाराच्या खात्यात पैसे नव्हते. ठेकेदार म्हणतो, २५ तारखेला पुन्हा टाका, नक्की वटेल. त्याचे खाते पुण्यात आहे, म्हणजे खटला करायचा तर पुण्याला खेटे घालावे लागतील का? एकदा जमा केलेले पैसे बँक मला न विचारता काढून कसे घेते? तक्रार कुठे करू? कापड व्यापाऱ्यांना तोंड दाखवण्याची लाज वाटते. माझ्या नावावर एक लाखाची मुदत ठेव आहे, ती मोडावी का? खात्याचा उतारा सोबत जोडला आहे.

— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपला राग बँकेवर आहे आणि तो समजण्याजोगा आहे, परंतु या प्रकरणात बँकेशी भांडण्यात वेळ घालवला तर ज्याच्याशी खरोखर हिशेब करायचा आहे तो ठेकेदार निवांत राहील. आपल्यापुढे तीन वेगवेगळी माणसे आहेत, बँक, ठेकेदार आणि कापड व्यापारी, आणि पत्रात आपण त्यांना ज्या क्रमाने घेतले आहे त्याच्या बरोबर उलट क्रमाने आपण त्यांच्याकडे जावे असे माझे मत आहे. तरीही बँकेचा मुद्दा आधी उलगडतो, कारण तो मनातून गेल्याशिवाय पुढचे वाचण्यात आपले लक्ष लागणार नाही.

आपण पाठवलेल्या उताऱ्यात १० मार्चची एक ओळ आहे आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या ओळीत आहे. त्या दिवशी शिल्लक २,०५,८४० रुपये छापलेली आहे, आणि तरीही २२,५०० रुपयांचा हप्ता पुरेशा रकमेअभावी परत गेला असून त्याचे २९५ रुपये शुल्क लागले आहे. दोन लाख शिल्लक असलेल्या खात्यातून साडेबावीस हजार का निघू नयेत? आपण हा प्रश्न पत्रात विचारलेला नाही, पण तो विचारला असता तर उत्तर तिथेच मिळाले असते. खात्यावर दोन आकडे असतात. एक पुस्तकी शिल्लक, ज्यात भरलेल्या पण अद्याप न वटलेल्या धनादेशाची रक्कमही मिळवलेली असते, आणि दुसरी वापरता येण्याजोगी शिल्लक, जिला बँकेत ‘क्लिअर बॅलन्स’ म्हणतात. पासबुकाच्या यंत्राने आपल्याला पहिली दाखवली. दुसरी त्या दिवशी फक्त २१,३४० रुपये होती, म्हणजे हप्त्यापेक्षा ११६० रुपयांनी कमी. ठेकेदाराचे पैसे आपल्या खात्यात येऊन परत गेले नाहीत. ते मुळात आलेच नव्हते, त्यांची फक्त नोंद आली होती आणि ११ तारखेला बँकेने ती नोंद उलटी फिरवली. धनादेश भरण्याच्या स्लिपच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले असते की जमा ही वसुलीच्या अधीन राहील. ते वाक्य कोणी वाचत नाही, पण या उलट नोंदीचा आधार तेच असते.

हे घडते कसे, तेही थोडे सांगतो, कारण यंत्रणा डोळ्यांसमोर असली की धनादेशाचा मूळ कागद आता कुठे शोधायचा हेही कळते. मी बँकेत नोकरीला लागलो तेव्हा शाखेतला शिपाई धनादेशांचे गठ्ठे पिशवीत घालून समाशोधन गृहात नेत असे आणि प्रत्येक धनादेश प्रत्यक्ष ज्या बँकेवर काढला असेल त्या बँकेच्या हातात पडत असे. आता कागद फिरत नाही. आपण भरलेला धनादेश आपल्याच बँकेत थांबतो, यंत्रावर त्याची दोन्ही बाजूंची प्रतिमा घेतली जाते आणि ती प्रतिमा देणाऱ्या बँकेकडे जाते. त्या बँकेने होकार दिला तर पैसे येतात, नकार दिला तर नकाराचे कारण येते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून ही देवघेव दिवसभर सलग चालते: सकाळपासून दुपारच्या ठरावीक वेळेपर्यंत धनादेशांच्या प्रतिमा पाठवल्या जातात आणि देणाऱ्या बँकेने त्याच संध्याकाळी सातपर्यंत निर्णय कळवायचा असतो. आपण चारच्या सुमारास धनादेश भरला, त्यामुळे तो त्या दिवशीच्या पाठवणीतून सुटला असावा. म्हणून ९ तारखेच्या रात्री आपल्याला जी जमा दिसली, त्या वेळी धनादेश बहुधा आपल्या बँकेच्या ट्रेमधून पुढे सरकलेलाही नव्हता.

तेव्हा रक्कम उलटवण्यात बँकेची चूक मला दिसत नाही. शुल्काविषयी मात्र विचारणा अवश्य करावी. उताऱ्यात ठेकेदाराच्या धनादेशापोटी ११८ रुपये आणि आपल्या धनादेशापोटी ५९० रुपये कापलेले आहेत, दोन्हींत अठरा टक्के जीएसटी धरलेला आहे. रिझर्व्ह बँकेचे धोरण असे आहे की धनादेश परतीचे शुल्क ग्राहकाचा दोष असेल तिथेच लावावे, आणि प्रतिमा अस्पष्ट असणे यांसारख्या तांत्रिक कारणाने, ज्यात ग्राहकाचा हात नाही, धनादेश परत आला असेल तर बँकेने तो स्वतःहून पुढच्या पाठवणीत पुन्हा पाठवून ग्राहकाला तसे कळवावे. आपल्या ५९० रुपयांबद्दल बोलण्यासारखे काही नाही. पण ठेकेदाराच्या खात्यात पैसे नसल्याचा ११८ रुपयांचा भुर्दंड आपल्याला कोणत्या नियमाने लागला, हे शाखाधिकाऱ्यांना एका साध्या अर्जाने विचारावे आणि शुल्काचा मंजूर तक्ता मागावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख घातलेला पोचशिक्का घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत तक्रार करता येते. तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेल्यास ती तक्रार तिथे टिकत नाही. हे सगळे सवडीने करण्याचे काम आहे. ११८ रुपयांच्या मागे धावताना १,८४,५०० रुपयांची मुदत हातून निसटू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता कापड व्यापाऱ्यांविषयी, आणि इथे मी थोडे कठोर बोलणार आहे. आपण स्वतःला या प्रकरणात केवळ फसवले गेलेले समजता, परंतु त्यांच्या बाजूने पाहिले तर ठेकेदाराने आपल्याशी जे केले तेच आपण त्यांच्याशी केले आहे: खात्यात पैसे नसताना धनादेश दिला. आपला हेतू स्वच्छ होता हे मला मान्य आहे, त्यांनाही कदाचित मान्य होईल. पण ‘माझ्या गिऱ्हाइकाचा धनादेश परत आला म्हणून माझा परत गेला’ हा बचाव कायद्यात चालत नाही. धनादेश न वटल्यास लागू होणाऱ्या ज्या कलम १३८ चा बडगा आपण ठेकेदारावर उगारणार आहात, तोच कापड व्यापाऱ्यांच्याही हातात आहे. त्यांनी नोटीस पाठवली तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ६२,००० रुपये द्यावे लागतील.

नोटीस येण्याची वाट पाहू नका. लाज वाटते म्हणून टाळाटाळ केलेल्या प्रत्येक दिवशी समोरच्याची खात्री वाढत जाते की या बाईंचे देण्याचे मनच नाही. मेन रोडवर दुकानदारी करणाऱ्या माणसाने परत आलेले धनादेश आयुष्यात पुष्कळ पाहिलेले असतात. त्याला धनादेश परत येण्याचा राग कमी येतो आणि त्यानंतर फोन न उचलण्याचा जास्त येतो. स्वतः जावे, ठेकेदाराच्या धनादेशाच्या परतीचे पत्रक (तो का परत आला ते सांगणारा बँकेचा कागद) आणि आपला खातेउतारा सोबत न्यावा, घडले ते सरळ सांगावे आणि पैसे खात्यातून थेट एनईएफटीने द्यावेत. रोख मुळीच देऊ नका. रक्कम पोहोचली की आपला मूळ धनादेश परत मागून घ्यावा आणि ‘सदर धनादेशापोटीची रक्कम मिळाली’ अशी दोन ओळींची पावती घ्यावी. मूळ धनादेश त्यांच्या गल्ल्यात पडून राहिला तर उद्या विसरून तो पुन्हा बँकेत जाऊ शकतो, आणि मग आज मिटलेली गोष्ट नव्याने उभी राहते. त्यांच्या बँकेने त्यांना काही शुल्क लावले असेल तर तेही न मागता देऊन टाका.

मशिनच्या हप्त्याचेही तसेच. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो धनादेश परत जाण्यासारखाच गुन्हा धरता येतो, आणि पतनोंदीत त्याचा डाग राहतो तो वेगळाच. कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन करून तो हप्ता आणि त्यांचा दंड त्यांच्या अधिकृत मार्गाने आजच भरा. वसुलीला दारात येणाऱ्या माणसाच्या हातात रोख रक्कम देऊ नका.

राहता राहिला ठेकेदार. आपण परतीच्या पत्रकाची छायाप्रत पाठवली नाही, फक्त ते १४ तारखेला शाखेतून मिळाले असे मागे लिहिले आहे. ते पत्रक आणि मूळ धनादेश या दोन कागदांवर आपले सारे प्रकरण उभे राहणार आहे. मूळ धनादेश आपल्याच बँकेत होता, त्यामुळे पत्रकाबरोबर तोही आपल्याला मिळायला हवा. मिळाला नसेल तर उद्या जाऊन मागून घ्या. दोन्ही कागदांच्या पुढून-मागून छायाप्रती काढा, मोबाइलमध्ये फोटो घ्या आणि मूळ प्रती प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. त्यांना स्टेपलरची पिन किंवा टाचणी लावू नका आणि धनादेशावर ‘बाऊन्स’ वगैरे काहीही लिहू नका. पुढे तो पुन्हा बँकेत भरायचा असेल किंवा न्यायालयात दाखल करायचा असेल, तर तो जसा होता तसाच असला पाहिजे.

परक्राम्य दस्तऐवज कायदा १८८१ सालचा आहे. धनादेश न वटणे हा गुन्हा ठरवणारे कलम १३८ मात्र त्यात १९८८ च्या दुरुस्तीने आले आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. या कलमाचे बळ त्यातल्या मुदतींत आहे आणि ज्यांची प्रकरणे फसतात त्यांची बहुतेक या मुदतींतच फसतात. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत देणाऱ्याला लेखी मागणी करावी लागते. आपल्याला पत्रक १४ मार्चला मिळाले, परंतु ११ तारखेलाच बँकेचा संदेश मोबाइलवर आला असणार, आणि उद्या समोरचा वकील त्या संदेशावर बोट ठेवेल. म्हणून वाद होऊ शकेल अशी तारीख धरूच नये. ११ मार्चपासून मोजा, म्हणजे नोटीस १० एप्रिलपूर्वी निघालीच पाहिजे. पुढच्या तक्रारीला उशीर झाला तर पुरेसे कारण दाखवून न्यायालयाकडून माफी मिळू शकते, पण नोटिशीच्या तीस दिवसांना तशी सवलत कायद्याने ठेवलेली नाही. ‘आज देतो, सोमवारी देतो’ म्हणत एकतिसावा दिवस उजाडवणारे ठेकेदार मी बँकेत असताना खूप पाहिले आहेत, आणि त्यातल्या काहींना हे कलम आपल्यापेक्षा चांगले पाठ असते.

मग २५ तारखेला धनादेश पुन्हा भरावा की नाही? भरावा, माझी हरकत नाही. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिने चालतो, म्हणजे आपला धनादेश जूनच्या सुरुवातीपर्यंत जिवंत आहे आणि त्या काळात तो एकाहून अधिक वेळा भरता येतो. दुसऱ्यांदा परत आला तर त्या परतीपासून तीस दिवसांची नवी मुदत मिळते आणि त्यावरून खटला चालू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. तरी या सवलतीच्या आधाराने निश्चिंत होऊ नका. ठेकेदाराला आजच व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवा: ‘आपल्या सांगण्यावरून अमुक क्रमांकाचा १,८४,५०० रुपयांचा धनादेश २५ मार्चला पुन्हा भरत आहे, खात्यात रक्कम ठेवावी.’ त्याने त्यावर नुसते ‘हो’ लिहिले तरी पैसे देणे लागतो याची लेखी कबुली त्याच्याच हाताने आपल्याला मिळते. या वेळी धनादेश सकाळी बँक उघडताच भरा, म्हणजे संध्याकाळपर्यंत निकाल कळेल. परत आला तर तिसऱ्या संधीचा विचारही न करता १ एप्रिलपर्यंत नोटीस टाका. १० एप्रिल ही पहिली तारीख डोळ्यांसमोर तशीच राहू द्या, म्हणजे दोन्हीकडून आपण सुरक्षित राहाल.

एक सापळा मात्र आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. ठेकेदार कदाचित म्हणेल, ‘सध्या पन्नास हजार फोनवरून पाठवतो, बाकीचे नंतर बघू.’ पैसे घ्यायला हरकत नाही, पण त्यानंतर तोच १,८४,५०० रुपयांचा धनादेश पूर्ण रकमेसाठी भरू नका. धनादेश दिल्यानंतर काही रक्कम चुकती झाली असेल आणि धनादेशावर तशी नोंद केलेली नसेल, तर तो भरताना देणे होते त्याहून जास्त रकमेचा ठरतो आणि कलम १३८ खालचा खटला कोसळतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय आहे. त्यामुळे अंशतः रक्कम देऊ केली तर आधी उरलेल्या रकमेचा नवा धनादेश घ्या आणि मगच जुना परत करा. नवा हातात आल्याशिवाय जुना सोडू नका. जुना धनादेश हीच आपली खरी पकड आहे.

नोटीस वकिलांकडूनच पाठवली पाहिजे असे कायदा म्हणत नाही, पण १,८४,५०० रुपयांच्या प्रकरणात मी वकील करण्याचाच सल्ला देईन. मात्र मसुद्यावर सही होण्यापूर्वी एक गोष्ट आपण स्वतः तपासा: नोटिशीत मागितलेली रक्कम धनादेशाच्या रकमेशी रुपयाला रुपया जुळते की नाही. व्याज, बँकेचे शुल्क, नोटिशीचा खर्च हे सारे मागायचेच असेल तर वेगळे दाखवून मागावे. सगळे एकत्र मिसळून दोन लाखांची मागणी केली, किंवा टंकलेखनात एखादा आकडा चुकला, तर नोटीसच बाद ठरू शकते, आणि टंकलेखनाची चूक ही सबब सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्येही मान्य केलेली नाही. दुसरे, धनादेशावर ठेकेदाराच्या सहीखाली काय शिक्का आहे तो पाहा. ‘प्रोप्रायटर’ असेल तर नोटीस त्या व्यक्तीला जाईल. ‘डायरेक्टर’ असेल तर कंपनीलाही नोटीस आणि खटल्यात कंपनीही आरोपी हवी. नुसत्या संचालकावर केलेला खटला टिकत नाही.

नोटीस स्पीड पोस्टाने नोंदणी व पोचपावतीसह पाठवा, जीपीओतील पावती जपा आणि पोहोचल्याची ऑनलाइन नोंद त्याच आठवड्यात छापून ठेवा, कारण ती नोंद संकेतस्थळावर कायम राहत नाही. पत्ता बरोबर असूनही ‘घेण्यास नकार’ किंवा ‘दार बंद’ असा शेरा मारून पाकीट परत आले, तर घाबरू नका. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोहोचल्याचेच गृहीत धरले जाते. ते परत आलेले पाकीट फोडू नका, तसेच बंद ठेवा.

नोटीस मिळाल्यापासून ठेकेदाराला पंधरा दिवस मिळतात. त्या मुदतीत त्याने पैसे दिले तर विषय संपला, गुन्हा घडलाच नाही. समजा, नोटीस त्याला ३ एप्रिलला मिळाली, तर १८ एप्रिलपर्यंत त्याची मुदत, आणि त्यानंतर १८ मेच्या आत आपली तक्रार न्यायालयात दाखल झाली पाहिजे. पंधरा दिवस संपण्याआधी घाईने दाखल केलेली तक्रारही चालत नाही, म्हणून दोन्ही बाजूंची तारीख वकिलांकडून लिहून घ्या. ठेकेदाराचे खाते पुण्यात आहे म्हणून पुण्याला खेटे घालावे लागतील ही आपली भीती अनाठायी आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, ज्या शाखेत आपले खाते आहे त्या हद्दीतल्या न्यायालयात खटला चालतो, म्हणजे नाशिकच्या सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) आपल्याच न्यायालयात, आणि त्यालाच इकडे यावे लागेल.

दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत, म्हणजे ३,६९,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. धनादेश काही देणे फेडण्यासाठीच दिला होता असे कायदा आधीच गृहीत धरतो आणि ते खोटे पाडण्याची जबाबदारी देणाऱ्यावर असते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर, आरोपीने गुन्हा नाकारला तर खटला चालू असतानाच धनादेशाच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. आपल्या बाबतीत ती ३६,९०० रुपयांपर्यंत होईल, अर्थात ते न्यायालयाच्या मर्जीवर आहे. पण मी आपल्याला खोटी आशा लावणार नाही. हे खटले कागदावर जलद चालायचे असतात आणि प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. बहुसंख्य प्रकरणे अखेर तडजोडीने किंवा लोकअदालतीत मिटतात, आणि त्यात गैर काही नाही. आपल्याला ठेकेदार तुरुंगात नको आहे, पैसे हवे आहेत. नोटीस वेळेत गेलेली असेल तर तडजोडीच्या टेबलावर आपले पारडे जड राहते.

त्यासाठी गणवेशांची मागणी ज्या संदेशात आली तो संदेश, डिलिव्हरी चलन आणि त्यावरची त्याच्या सुपरवायझरची सही, आपले बिल, मापांची यादीसुद्धा, सगळे एका फाइलमध्ये लावा. माल मिळालाच नव्हता किंवा शिलाई खराब होती, असे तो उद्या म्हणेल. ‘तक्रार असती तर धनादेश का दिलात’ हा प्रश्न चांगला आहे, पण सही केलेले चलन त्याहून चांगले. आपल्या युनिटची ‘उद्यम’ ही सरकारी लघुउद्योग नोंदणी माल देण्यापूर्वी झालेली असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळण्याचा आणि उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचा हक्कही आपल्याला आहे. वकिलांना तो कागद अवश्य दाखवा. नोंदणी केलेली नसेल तर आता करून घ्या. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, त्यासाठी एजंटला हजार रुपये देऊ नका.

पत्राच्या निमित्ताने एक आडवळण घेतो. हाच ‘दिसणाऱ्या शिल्लकेचा’ घोटाळा भामटेही वापरतात. जुनी मशिन किंवा फर्निचर विकायला काढले की कोणी तरी किमतीपेक्षा जास्त रकमेचा धनादेश परस्पर आपल्या खात्यात भरतो, भरल्याच्या स्लिपचा फोटो पाठवतो आणि ‘चुकून जास्त गेले, वरचे वीस हजार परत पाठवा’ म्हणून फोनवर घाई करतो. आपण खात्यात रक्कम पाहून वीस हजार पाठवतो. दोन दिवसांनी धनादेश परत येतो आणि पाठवलेले वीस हजार मात्र गेलेले असतात. आपल्या बाबतीत तसे काही नाही, पण आपल्या युनिटमधल्या बायकांनाही हे सांगून ठेवा.

पुढच्या वेळी पासबुकातल्या आकड्यावर धनादेश लिहू नका. एटीएममध्ये किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘उपलब्ध शिल्लक’ म्हणून वेगळा आकडा असतो, तो पाहावा, नाहीतर काउंटरवर ‘क्लिअर झाला का?’ एवढे तीन शब्द विचारावेत. या ठेकेदाराकडून तर यापुढे माल हातात देण्यापूर्वी एनईएफटीच घ्यावी, ती २०१९ च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालते आणि आलेली रक्कम अशी उलटत नाही. ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याला हे अवघड नाही.

शेवटी आपल्या मुदत ठेवीचा प्रश्न. ती मोडू नका. मुदतीपूर्वी मोडली तर व्याज कमी मिळेल आणि दंडही लागू शकेल. त्याऐवजी शाखेत जाऊन ठेवीवर कर्ज मागा. बँका सामान्यतः ठेवीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास कर्ज देतात आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असते. ठेवपावतीवर मागील बाजूस सही केली की बहुधा त्याच दिवशी रक्कम खात्यात येते. कापड व्यापाऱ्यांचे ६२,००० आणि मशिनचा २२,५०० असे ८४,५०० रुपये लागतील, म्हणजे ठेव पुरेल आणि वर कंपनीच्या दंडापुरते उरतीलही. सकाळी साडेदहाला पावती घेऊन शाखेत जा. दुपारपर्यंत रक्कम वापरता येण्याजोगी झाल्याची खात्री काउंटरवर करून घ्या आणि मगच मेन रोडची वाट धरा.